बर्फाचे झाकण सरकल्यावर समुद्रातून काय बाहेर येते?

मार्च 2025 मध्ये आर्क्टिक महासागरावरच्या बर्फाने हिवाळ्यातला आपला सर्वात मोठा विस्तार गाठला, आणि तो भरला जेमतेम 1 कोटी 43 लाख चौरस किलोमीटर. उपग्रहांकडे 1970 च्या दशकाअखेरपासून सलग नोंदी आहेत. त्यांत इतका तोकडा हिवाळी विस्तार आधी कधीच दिसला नव्हता. त्याच्या दोन वर्षे आधी, फेब्रुवारी 2023 मध्ये, अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ आक्रसून 17 लाख 90 हजार चौरस किलोमीटरवर आला होता. तोही नीचांकच. अशी बातमी आली की चर्चा अस्वलांची होते, पेंग्विनची होते, समुद्राच्या पातळीची होते. (पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळून पातळी जवळपास वाढत नाही, ती वाढते जमिनीवरचा बर्फ वितळल्याने. हा गोंधळ इतका पसरलेला आहे की दर वेळी सांगून टाकलेले बरे.)

त्या बर्फाखालच्या पाण्यात विरघळलेल्या वायूंबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते. बोललेच तर थेट टोकाचे. एक मथळा म्हणतो, समुद्रतळाशी मिथेनचा बॉम्ब आहे, आता फुटेल. दुसरा म्हणतो, समुद्रातले शैवाल ढग तयार करून पृथ्वीला आपोआप गार ठेवील. मला हे दोन्ही मथळे सलतात. दोन्हींत एकेक खरा धागा आहे, आणि दोन्हींनी तो तुटेपर्यंत ताणला आहे. ध्रुवाजवळच्या समुद्राचे वरचे काही मीटर पाणी म्हणजे हवा आणि समुद्र यांच्यामधला उंबरठा. त्यावरून वायू आत जातात, बाहेर येतात, आणि बदलत्या बर्फामुळे या ये-जा करण्याचे नियमच बदलू लागले आहेत. ते कसे, हे समजून घेतले की दोन्ही मथळ्यांकडे नीट पाहता येते.

लेशमात्र वायू, पण दखल का घ्यायची?

कोरड्या हवेचा 99.9 टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन या तिघांनीच व्यापला आहे. उरलेल्या चिमूटभर जागेत बाकीचे सगळे वायू. हवेत लेशमात्र असतात म्हणून त्यांना आपण लेशवायू म्हणू. कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत 420 हून थोडा जास्त, मिथेन दोन भागांपेक्षाही कमी, नायट्रस ऑक्साइड तर एका भागाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

इतक्या थोड्या वायूने काय होणार, ही शंका अगदी रास्त आहे. उत्तर असे की जमिनीवरून वर जाणारी उष्णता नायट्रोजन आणि ऑक्सिजन अडवतच नाहीत. तिच्या दृष्टीने ते आरपार काचेसारखे आहेत. अडवणारे जे काही आहे, ते पाण्याची वाफ आणि हे लेशवायू. स्वच्छ पाण्याच्या बादलीत शाईचे चार थेंब टाकले तर रंग कोणाचा दिसतो? पाणी कितीही असले तरी रंग शाईचाच. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो नायट्रस ऑक्साइड एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडवतो, मिथेन 27 ते 30 पट.

काही लेशवायूंचे काम मात्र निराळे असते. ते स्वतः उष्णता फारशी धरत नाहीत, पण हवेत गेल्यावर रासायनिक बदल होऊन ढगांचे बी होतात. त्यांतला सर्वात महत्त्वाचा म्हणजे डायमिथाइल सल्फाइड, थोडक्यात डीएमएस. त्याच्याकडे सविस्तर येऊच.

पाणी आणि हवा यांच्यातली देवाणघेवाण

सोड्याची बाटली फ्रीजमधून काढून उन्हात ठेवली की थोड्या वेळाने तिच्यातला वायू निघून जातो. थंड पाणी वायू धरून ठेवते, कोमट पाणी सोडून देते. ध्रुवांजवळचे पाणी जगातले सर्वात थंड, त्यामुळे त्याची वायू सामावण्याची क्षमताही मोठी. दक्षिण महासागर, म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र, हा याचा ठळक दाखला: माणसाने हवेत सोडलेला जितका कार्बन डायऑक्साइड जगातल्या सगळ्या समुद्रांनी मिळून शोषला, त्यातला साधारण 40 टक्के वाटा त्याने उचलला आहे.

वायू कोणत्या दिशेने जाणार, हे समतोल ठरवतो. पाण्यात त्याच्या समतोलापेक्षा जास्त वायू असेल तर तो बाहेर पडतो, कमी असेल तर हवेतून आत येतो. किती वेगाने, हे मुख्यतः वाऱ्यावर असते, आणि वाऱ्याचा जोर इथे सरळ प्रमाणात चालत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की देवाणघेवाण साधारण चौपट होते. एका वादळी दिवसात शांत आठवड्याएवढा व्यवहार उरकू शकतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण बर्फ उशिरा गोठू लागल्याने आता शरद ऋतूतली वादळे उघड्या पाण्यावरून वाहू लागली आहेत. पूर्वी तीच वादळे बर्फावरून जात.

बर्फ हे झाकण आहे, पण छिद्रांचे

समुद्राचे पाणी सुमारे उणे 1.8 अंश सेल्सिअसला गोठते. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते, वायूलाही जवळपास नसते. मग गोठताना दोन्ही बाहेर ढकलले जातात. काही खाली समुद्रात उतरतात, काही बर्फातच बारीक बारीक कप्प्यांत अडकतात. त्या कप्प्यांत उरते कमालीचे खारट पाणी, जे बाजूच्या बर्फाएवढ्याच थंडीतही गोठत नाही. बर्फ फार थंड असला की हे कप्पे एकमेकांपासून तुटलेले असतात. तो उणे पाच अंशांच्या आसपास तापला की कप्पे रुंदावतात, एकमेकांना मिळतात आणि बर्फाच्या आरपार खारट पाण्याच्या नळ्या तयार होतात. म्हणजे तोच बर्फ कडक हिवाळ्यात घट्ट झाकण असतो आणि वसंतात चाळणी होतो.

या नळ्या रिकाम्या नसतात. संशोधक पोकळ बरमा फिरवून बर्फाचा दंडगोल काढतात. हाताच्या मनगटापेक्षा थोडा जाड असा तो लांबलचक नमुना आडवा ठेवला की वरचा भाग पांढरा, मधला निळसर आणि पाण्याला टेकलेला खालचा काही सेंटिमीटरचा पट्टा चहासारखा तपकिरी दिसतो. तो तपकिरी रंग जिवंत शैवालाचा. सूर्य नुकता उगवू लागला असताना, बर्फातून झिरपणाऱ्या अगदी मंद उजेडावर ते वाढलेले असते.

आता या पट्ट्यात कोणता वायू किती आहे, हे मोजायचे. साधा उपाय म्हणजे नमुना वितळवायचा. पण तसे केले की गोंधळ होतो. अतिखारट पाण्याला सरावलेल्या पेशींवर एकदम गोड्या पाण्याचा मारा होतो, त्या फुगून फुटतात, आतला माल बाहेर सांडतो आणि त्यापासून तिथल्या तिथे नवा वायू तयार होतो. मोजायला गेलो तो आकडा मोजण्यामुळेच वाढला! म्हणून बर्फ बंद डब्यात कोरडाच चुरायचा किंवा फार हळू, खारे पाणी घालत वितळवायचा, अशा नाना युक्त्या कराव्या लागतात. या क्षेत्रातले आकडे एकमेकांशी पटकन जुळत नाहीत, त्याचे एक कारण इथे दडलेले आहे.

समुद्राच्या वासापासून ढगापर्यंत

समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिल्यावर येणाऱ्या त्या ओळखीच्या वासात डीएमएसचा मोठा हात असतो. समुद्री शैवाल आपल्या पेशींत डीएमएसपी नावाचे एक गंधकयुक्त संयुग साठवते. खारटपणा आणि थंडी सोसायला ते उपयोगी पडते, म्हणून बर्फातल्या शैवालात त्याचा साठा भरपूर. शैवाल मेले, विषाणूंनी फोडले किंवा कोणी खाल्ले की डीएमएसपी पाण्यात येते आणि जिवाणू त्याच्यापासून डीएमएस तयार करतात. खाण्याच्या जागी वास सुटतो, हे समुद्री पक्ष्यांना पक्के ठाऊक आहे. पेट्रेल जातीचे काही पक्षी अंटार्क्टिकाजवळच्या अथांग पाण्यावर या वासाच्या मागावर अन्न शोधतात, हे 1995 मध्ये प्रयोगाने दाखवून दिले गेले.

तयार झालेला सगळा डीएमएस काही हवेत जात नाही. बहुतेक जिवाणू फस्त करतात, काही सूर्यप्रकाशाने मोडतो. हवेत पोचतो तो साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. तरीही सगळे समुद्र मिळून दरवर्षी दोन कोटी टनांहून अधिक गंधक या वाटेने हवेत सोडतात. हवेत गेलेला डीएमएस एखाद्या दिवसात बदलतो. त्याची गंधकाम्ले होतात, त्यांचे सूक्ष्म कण बनतात आणि कणांवर बाष्प जमून ढगाचे थेंब तयार होतात. बाष्पाला थेंब होण्यासाठी बसायला पाट लागतो; हे कण म्हणजे ते पाट. एकाच ढगातले पाणी जास्त पाटांवर वाटले गेले तर थेंब लहान पण पुष्कळ होतात, ढग अधिक पांढरा होतो आणि जास्त ऊन परतवतो.

शहरांवरच्या हवेत धूळ-धूर इतका असतो की थोडे पाट वाढले काय किंवा घटले काय, फरक पडत नाही. ध्रुवांवरची हवा इतकी निर्मळ असते की तिथे थोड्याशा भरीनेही ढग बदलतात. शिवाय गंधकाला जोडीदारही लागतो. अंटार्क्टिकावरच्या मारांबियो या संशोधन तळाजवळ अडेली पेंग्विनची सुमारे 60 हजारांची वसाहत आहे. तिकडून वारा आला की त्यांच्या विष्ठेतला अमोनिया हवेत भरतो, आणि डीएमएसपासून आलेल्या गंधकाम्लाला तो मिळाला की कण जन्मण्याचा वेग हजारो पटींनी वाढतो, असे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळले. शैवालाचे गंधक आणि पक्ष्यांचा अमोनिया मिळून ढग घडवतात, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ ते पान सोडून पुढे गेलो नव्हतो.

मग समुद्र स्वतःच पृथ्वीला गार ठेवील की!

ही कल्पना जुनी आहे आणि देखणी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी 1971-72 मध्ये ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या जहाजावर पाण्यातला डीएमएस मोजला आणि तो वाटेत सगळीकडे सापडला. पुढे 1987 मध्ये रॉबर्ट चार्ल्सन, लव्हलॉक, माइनराट आन्द्रेआ आणि स्टीफन वॉरन या चौघा शास्त्रज्ञांनी मांडणी केली: समुद्र तापला की शैवाल वाढेल, डीएमएस वाढेल, ढग उजळ होतील, ऊन कमी पोचेल आणि समुद्र पुन्हा गार होईल. तापमान आपोआप सांभाळणारी यंत्रणाच जणू.

चोवीस वर्षांनी, 2011 मध्ये, पॅट्रिशिया क्विन आणि टिमोथी बेट्स या संशोधकांनी उपलब्ध पुरावा मांडून या साखळीतल्या कड्या एकेक करून तपासल्या. ढगांचे बी फक्त डीएमएसपासून येत नाही. लाटांच्या तुषारांतले मीठ आणि सेंद्रिय कणही ते काम करतात. शिवाय प्रत्येक कडीपाशी आधीच्या बदलाचा पुढच्यावर होणारा परिणाम क्षीण होत जातो. डीएमएस ढगांवर परिणाम करतो, एवढे टिकले. तो पृथ्वीचे तापमान सांभाळतो, हे टिकले नाही.

ध्रुवांपाशी तर आणखी अडचणी आहेत. उघडे समुद्री पाणी पडलेल्या उन्हाचा जवळजवळ सगळा भाग शोषते, परत पाठवते फक्त सहा टक्क्यांच्या आसपास. समुद्री बर्फ निम्म्याहून अधिक परतवतो, त्यावर ताजे हिम असेल तर बरेच जास्त. बर्फ हरवल्याने होणारा हा तोटा थोड्या उजळ ढगांनी भरून निघेल असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. त्यात ढग नेहमी गारवाच देतो असेही नाही. काळ्या पाण्यावरचा ढग ऊन अडवतो, पण पांढऱ्या बर्फावर ढग आला तर खालचा पृष्ठभाग आधीच पांढरा असतो, आणि सूर्य नसलेल्या लांब रात्रीत तोच ढग गोधडीसारखा उष्णता कोंडून ठेवतो.

शेवटी, सगळे शैवाल सारखे नसते. फिओसिस्टिस नावाचे, बुळबुळीत गोळ्यांच्या वसाहती करून राहणारे शैवाल भरपूर डीएमएसपी बनवते. डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचातले एकपेशीय शैवाल, सहसा खूप कमी बनवते. बर्फ गेल्यावर समुद्र जास्त हिरवा होईल का, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणाच्या हिरवेपणाने, हे कळल्याशिवाय डीएमएसचे गणित मांडता येत नाही.

आणि तो मिथेनचा बॉम्ब?

आर्क्टिकच्या सायबेरियाकडच्या किनाऱ्यालगत समुद्रतळ फार उथळ आहे, सरासरी पन्नास मीटरच्या आसपास. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, तेव्हा हा तळ उघडी, गोठलेली जमीन होता. नंतर समुद्र चढला आणि ती गोठलेली जमीन पाण्याखाली गेली. तिच्यात आणि तिच्याखाली मिथेन आहे, काही ठिकाणी तो बुडबुड्यांनी वर येतो, हे खरे आहे. म्हणून ही भीती मी हसण्यावारी नेत नाही.

पण तळापासून हवेपर्यंतच्या वाटेत दोन जकातनाके आहेत. पहिला नाका खोलीचा. बुडबुडा वर येताना त्यातला मिथेन पाण्यात विरघळत जातो आणि त्याच्या जागी पाण्यातले इतर वायू शिरतात. पाणी शंभरेक मीटरपेक्षा खोल असेल तर पृष्ठभागावर फुटणाऱ्या बुडबुड्यात मिथेन जवळपास उरलेला नसतो. दुसरा नाका जिवाणूंचा. विरघळलेला मिथेन खाऊन जगणारे जिवाणू पाण्यात असतात आणि ते त्याचे कार्बन डायऑक्साइड करतात. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या पश्चिमेला 2008 मध्ये समुद्रतळातून वर येणारे मिथेनच्या बुडबुड्यांचे अडीचशेहून अधिक स्तंभ सापडले, तेव्हा जगभर खळबळ उडाली होती. पुढे त्याच भागात पाण्यावरची हवा मोजली तेव्हा गंमतच निघाली. बुडबुड्यांबरोबर तळाचे थंड, पोषक पाणी वर आले होते, त्यावर शैवाल वाढले होते, आणि त्याने शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम बाहेर पडलेल्या मिथेनपेक्षा कितीतरी मोठा होता. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झाले. प्रत्येक ठिकाणी असेच होईल असे यावरून म्हणता येत नाही. उथळ सायबेरियन पट्ट्यात पहिला नाकाच नाही, आणि तिथले आकडे वादाचेच आहेत.

माझ्या मते जास्त लक्ष द्यावे ते दुसऱ्याच, शांत उगमाकडे. मिथेन ऑक्सिजन नसलेल्या गाळात बनतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. तरीही ऑक्सिजनने भरलेल्या पृष्ठभागाच्या पाण्यात तो समतोलापेक्षा जास्त सापडतो. मध्य आर्क्टिकमध्ये याचा माग काढणाऱ्या संशोधकांनी 2010 मध्ये सुचवले की नत्राचे पोषण (नायट्रेट) संपलेल्या पाण्यात जिवाणू डीएमएसपी मोडतात आणि त्यात मिथेन तयार होतो. म्हणजे ढगांना बी देणारे संयुग तेच, आणि उष्णता धरणाऱ्या वायूचा कच्चा मालही तेच. जिवाणूंना त्या दिवशी पाण्यात काय उपलब्ध होते, त्यावर वाट ठरते. विमानातून घेतलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत 82 अंश उत्तरेपर्यंत, बर्फाच्या भेगांवर आणि तुटक बर्फावर, हवेतला मिथेन वाढलेला दिसला होता. अखंड बर्फावर तशी वाढ दिसत नव्हती.

उघडे पाणी निदान कार्बन तरी जास्त शोषेल?

थोडे दिवस. बर्फ वितळला की वर गोड्या पाण्याचा पातळ थर पसरतो. तो हलका असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. गोठताना बरेच वायू बाहेर गेलेले असल्याने या पाण्यात त्यांची उणीव असते, आणि ते हवेतून वायू ओढून घेते. नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत वितळत्या बर्फाच्या कडेला ही उणीव मोजली गेली आहे. पण थर पातळ, म्हणून भांडे लहान. आर्क्टिकच्या कॅनडा खोऱ्यात (समुद्रतळातल्या खोलगट भागात) बर्फ मागे हटल्यावर पृष्ठभागाचे पाणी कार्बन डायऑक्साइडने झपाट्याने भरत गेले, त्यामुळे पुढे शोषायला जागा फार उरली नाही, हे 2010 मध्येच दिसून आले. खोल पाण्यात पोचवणारा जिनाच या थराने बंद केलेला असतो.

मग नक्की आकडा का सांगता येत नाही?

कारण ज्या ऋतूत झाकण उघडते आणि मिटते, त्याच ऋतूत तिथे माणूस नसतो. जगभरच्या समुद्रातल्या डीएमएसचा जो नकाशा हवामानाच्या गणितांत अनेक वर्षे वापरला गेला, तो सुमारे 47 हजार मोजमापांवर उभा आहे. आकडा मोठा वाटतो, पण ध्रुवांकडची बहुतेक मोजमापे उन्हाळ्यातली, जहाजांना वाट मिळाली तेव्हाची. उरलेले महिने आसपासच्या आकड्यांवरून भरलेले आहेत.

ही पोकळी भरण्याचा सर्वात मोठा प्रयत्न म्हणजे मोझेक मोहीम. पोलारस्टर्न हे जर्मन जहाज सप्टेंबर 2019 मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून निघाले, आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकून घेतले आणि बर्फ नेईल तिकडे वाहत राहिले. परत आले ऑक्टोबर 2020 मध्ये. त्या वर्षभरात लोकांनी ध्रुवीय रात्रीच्या अंधारात, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, बर्फ कोरला आणि पाणी उपसले. वायूसाठी पाणी भरायची रीत ठरलेली असते. नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी भरू द्यायचे, वाहून जाऊ द्यायचे, हवेचा एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नाही, आतल्या जिवाणूंचे काम थांबवायला विषाचे चार थेंब टाकायचे आणि लगेच बूच दाबायचे. उणे तीस अंशांत बोटे वळत नसताना आणि नळीतले पाणी गोठत असताना ही रीत पाळायची, एकेका बाटलीसाठी.

दक्षिण महासागरात बर्फाबरोबर वाहत, हिवाळ्यासकट घेतलेल्या अशा वर्षभराच्या नोंदी अजून नाहीत.